१४. अदोमाचा गड

अदोम : मृत समुद्राच्या दक्षिणेचा व आग्नेयेचा डोंगराळ मुलूख, आज त्याचा बराचसा भाग जॉर्डनमध्ये येतो. याकोबाचा जुळा भाऊ एसाव हा अदोम्यांचा मूळपुरुष, म्हणून इस्राएल आणि अदोम हे भाऊबंद. अदोमाविरुद्धचा संदेश ओबद्या संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. जुन्या करारातला हा सर्वांत लहान ग्रंथ : एकच अध्याय, २१ वचने. इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले. तेव्हा अदोमी मदतीला तर धावले नाहीतच, उलट त्यांनी लूट केली, वाटा अडवून जीव घेऊन पळणाऱ्यांना शत्रूच्या हवाली केले, हा ओबद्याचा आरोप. भावाच्या घराला आग लागलेली असताना केलेले हे कृत्य त्याला सर्वाधिक झोंबते.

अदोमाची मस्ती कशाच्या बळावर होती, हे तिथल्या भूगोलावरून कळते : उभे तुटलेले तांबूस कडे आणि आत शिरायला अरुंद घळी. जोडीला दोस्त राष्ट्रे आणि अदोमातल्याच तेमानच्या शहाण्यांची ख्याती. ओबद्या हे आधार एकेक करून काढून घेतो (वचने ३-९). पुढे या मुलखात नबाती अरबांचे राज्य झाले. पेट्रा ही त्यांची राजधानी. दक्षिण यहूदातले अदोमी नंतर ‘इदोमी’ म्हणवले गेले; हेरोद राजाचे घराणे त्यांतलेच.

ओबद्याचा हा इशारा म्हणजे निव्वळ वैऱ्याला दिलेला शाप नव्हे. सियोन आणि शोमरोनातल्या निर्धास्त लोकांनाही संदेष्ट्यांनी हेच सुनावले आहे. वाचकांनी आमोस ६ व यिर्मया ७ सोबत वाचावेत.