गुत्त्याची खोली : बारामती-इंदापूर परिसरातील मद्यविक्रीच्या वास्तूचा विचार

इंग्लंडातील रस्त्याच्या कोपऱ्यावरची जुनी मद्यगृहे आज त्यांच्या अंतर्भागासाठी जतन केली जातात. नक्षीदार काचा, कोरीव लाकडी कठडे आणि एकाच छपराखाली मजुरांची व सुखवस्तू गिऱ्हाइकांची बैठक वेगळी करणारे आडपडदे यांना तेथे वारशाचा मान मिळाला आहे. बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत अशा अंतर्भागाची परंपरा निर्माण झाली नाही. मद्याविषयीचा सामाजिक निषेध हे याचे कारण म्हणून सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु मद्यपानविरोधी चळवळ इंग्लंडातही प्रबळ होती. भेदाचे खरे मूळ अबकारी व्यवस्थेत शोधले पाहिजे.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे या दोन्ही गोष्टी सरकारी नियंत्रणाखाली आणल्या. इलाख्यातील देशी दारू मुख्यतः मोहाच्या फुलांची असे. दुकानाचा हक्क लिलावाने किंवा ठरावीक फी घेऊन मर्यादित मुदतीसाठी दिला जाई. पुढच्या लिलावात दुकान हाती राहील याची शाश्वती नसलेला मक्तेदार लाकूडकामावर आणि सजावटीवर पैसा कशासाठी घालणार ? इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिअर बनविणाऱ्या कंपन्यांनीच मद्यगृहे विकत घेऊन ती थाटाने सजविली. येथे त्या स्थैर्याचाच अभाव होता.

परवान्याच्या अटींनीही या खोलीला घडविले. जुगारास बंदी, विक्रीच्या वेळांचे बंधन आणि दारूच्या मोबदल्यात धान्य, कपडे वा दागिने घेण्यास मनाई, या अटी अबकारी परवान्यांत सर्वत्र आढळतात. मजुरीचा काही भाग धान्यरूपाने मिळणाऱ्या या मुलखात शेवटच्या अटीला विशेष अर्थ होता. तिने गुत्त्याचा गल्ला केवळ रोकडीचा ठरविला. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि 1885 पासून त्याचे पाणी या तालुक्यांत वाहू लागले. त्यामागोमाग ऊस, गुऱ्हाळे आणि नगदी पिकांचे अर्थकारण आले. गुत्त्याला लागणारी रोकड याच अर्थकारणातून वाढत गेली.

दुसरा भेद वर्गांचा आहे. इंग्रजी मद्यगृहात वर्गभेद एका वास्तूच्या आत, आडपडद्याने दाखविला जाई. मुंबई इलाख्यात तो परवान्यांतच घातला गेला : देशी दारूचे दुकान वेगळे, ताडीचे वेगळे, विलायती मद्याचे वेगळे. त्यामुळे गुत्ता ही एकाच थराच्या लोकांची, कष्टकऱ्यांची खोली राहिली, आणि शिष्टवर्गाच्या आठवणींत व लेखनात तिला फारसे स्थान मिळाले नाही. तिचा उल्लेख येतो तो बहुधा विरोधाच्या प्रसंगी. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 मध्ये शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांना हरकत घेतली. 1908 मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांसमोर निरोधन केले. दोन्ही प्रसंगी लक्ष होते ते दाराकडे. दाराच्या आत कोण, कसे बसत होते याची नोंद करण्याचे प्रयोजन कोणालाच नव्हते.

जे थोडे शिल्लक असेल त्याचे सातत्य दारूबंदीने तोडले. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आणि 1950 पासूनची संपूर्ण बंदी यांमुळे परवानाधारक गुत्ते बंद पडले. त्यांची जागा हातभट्टीने घेतली, आणि लपून चालणाऱ्या त्या धंद्याला स्वतःची वास्तू असणे शक्यच नव्हते. बंदी शिथिल झाल्यावर 1973 च्या देशी मद्य नियमांनी दुकाने पुन्हा आली. आता कच्चा माल मोहाऐवजी साखर कारखान्यांची मळी हा होता. विलायती धर्तीच्या मद्यासाठी ‘परमिट रूम’ आली. हे नाव म्हणजे दारूबंदीचा जिवंत अवशेष होय. मद्यपानास परवाना हवा, हे कायद्याचे तत्त्व आजही त्या पाटीवर वाचता येते.

या वास्तूची जागादेखील कायदाच ठरवीत आला आहे. महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. नगरपालिका हद्दीत तो लागू नसल्याचे 2017 मध्ये स्पष्ट झाले. पुणे-सोलापूर महामार्गावरील इंदापूरसारख्या गावाला हा प्रश्न जवळचा होता. त्यापूर्वी, 2008 च्या शासकीय आदेशाने, निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास दुकान बंद करण्याची तरतूद झाली. ज्या खोलीत बहुसंख्य स्त्रियांनी कधी पाऊल टाकले नाही, पण जिची झळ ज्यांच्या संसाराला बसली, त्यांना तिच्या अस्तित्वाविषयी निर्णयाचा अधिकार मिळाला.

तात्पर्य, येथे जतन करण्याजोगा अंतर्भाग नाही, म्हणून इतिहास नाही असे मानणे चूक ठरेल. गुत्त्याची ओकीबोकी खोली हीच लिलाव, परवाना आणि बंदी यांनी मिळून घडविलेली ऐतिहासिक वस्तू आहे. तिचा अभ्यास करताना भिंतींइतकेच अबकारी दप्तरही वाचावे लागेल. आणि तेथे बसणारे कष्टकरी व घरी वाट पाहणाऱ्या स्त्रिया या दोघांनाही त्या इतिहासात जागा द्यावी लागेल.