वर्दाभाई चांगला की वाईट?

मंद्रूपच्या शाळेत इतिहासाच्या तासाला एका मुलाने मधेच विचारले, "गुरुजी, मुंबईचा वर्दाभाई चांगला होता की वाईट?" स्वारी आदल्या रात्री 'दयावान' पाहून आली होती! मी "पुस्तक उघड" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

वरदराजन मुदलियार १९२६ साली मद्रास इलाख्यात जन्मला. मुंबईस येऊन तो बोरीबंदर स्टेशनवर हमाली करू लागला. स्टेशनाजवळच्या बिस्मिल्लाशाह बाबांच्या दर्ग्यापाशी तो गोरगरिबांना जेवू घाली, असे त्याच्याविषयी सांगतात. अशी हमाली करणारे हजारो होते. हाच एक 'भाई' कसा झाला, याचे निम्मे उत्तर सरकारी कायद्यात आहे.

१९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. मोरारजीभाई तेव्हा गृहमंत्री होते. हेतू सोज्वळ होता, त्याबद्दल वाद नाही. पण कायद्याने गुत्त्याला कुलूप लागले, घशाला लागले नाही. पैसेवाल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळे. गिरणीत बारा वाजेपर्यंत उभा राहणारा काय करणार? आमच्या सोलापूर जिल्ह्यातही ओढ्याकाठी भट्ट्या पेटल्या, असे जुनी माणसे सांगतात. मुंबईत तर धारावी आणि अँटॉप हिलची दलदल आयतीच होती. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात कुजवायचा, पिंप चिखलात पुरून ठेवायचे, रात्री भट्टी लावायची आणि माल मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून पहाटेपूर्वी पोहोचवायचा. या धंद्याला भांडवल थोडे, पण माणसे फार लागत. माणसे वर्दाजवळ होती. गावाकडून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या तमिळ माणसाला झोपडी, काम आणि भांडणाचा निवाडा एकाच दारी मिळू लागला.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा शिकागोच्या अल कपोननेही मंदीत बेकारांसाठी फुकट सूपचे अन्नछत्र उघडले होते. दोघांचा ताळा किती जुळतो पाहा! पैसा कुठून येतो हे पोट भरलेला माणूस विचारीत नाही.

पण त्याच वस्तीत नवऱ्याचा पगार घरी न पोहोचलेली बाईही राहत होती. विषारी दारूने माणसे आंधळी होत, मरत. आणि पोलिसांकडे जायची सोय नसे, कारण पिणे हाही गुन्हाच होता. वर्दाच्या औदार्याचे बिल या घरांनी भरले. सिनेमात ती बाई दिसत नाही, म्हणून मुलाला प्रश्न पडतो.

पुढे बंदी सैल झाली, तरी परवान्याच्या दारूपेक्षा भट्टीची स्वस्तच राहिली. वर्दाचा हात गोदीतल्या मालाच्या चोरीपर्यंत पोहोचला, हाजी मस्तानशी दोस्ती झाली. माटुंग्याला त्याचा गणपती एवढ्या थाटाचा बसे की दर्शनाला बडी मंडळी येत. १९८० नंतर पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांनी त्याच्या अड्ड्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा तो मद्रासला निघून गेला. तेथेच जानेवारी १९८८ मध्ये त्याचा अंत झाला. मस्तानने खास विमान करून मृतदेह मुंबईस आणला, आणि ज्यांनी त्याच्या हातचे खाल्ले होते ते रस्त्यावर उभे राहिले.

सुटी संपली की हे सारे मी त्या मुलाला सांगणार आहे. तो बहुधा विचारील, "मग ती बाईही रस्त्यावर होती का, गुरुजी?"