उलटी वाचायची कीर्द

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या पेढीवर दोन वह्या जुन्या काळापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत, कीर्द आणि खतावणी. खतावणीत व्यवहार खातेवार लागतो. कीर्दीत तो जसा घडला तसा, घडला त्याच क्रमाने उतरतो. एखाद्या खात्यावर बाकी किती हे खतावणी सांगते. पण घोटाळा झाला, आणि कशामागून काय घडले हे शोधायची वेळ आली, की मुनीम कीर्दीची पाने उलटू लागतो. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दींतून जे उतारे काढले, त्यांचे इतिहासकाराला मोल वाटते तेही याच कारणाने: तेथे प्रसंगांचा क्रम शाबूत असतो.

संगणकही अशी एक कीर्द ठेवतो. तिला लॉग म्हणतात. आज मी बोलणार आहे ते दप्तराच्या दुसऱ्या प्रती सांभाळणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे बॅकअपच्या यंत्राच्या लॉगविषयी, आणि तो वाचण्याची रीत कशी घडत गेली त्याविषयी.

लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून, टोकाशी लाकूड बांधून ते गलबताच्या मागे पाण्यात सोडायचे आणि वाळूच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचे. या युक्तीचे वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ साली केले आहे. गाठींचा आकडा ज्या वहीत लिहीत ती लॉग-बुक झाली. पुढे वारा, हवा, अपघात, सारेच तिच्यात येऊ लागले. संगणकवाल्यांनी तो शब्द दर्यावर्द्यांकडून आयता उचलला.

आरंभी प्रत्येक प्रोग्रॅम आपापली नोंद आपल्या मनाप्रमाणे ठेवी. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन याने सेंडमेल या आपल्या टपालवाहक प्रोग्रॅमच्या सोबतीला सिसलॉग नावाचा एक वेगळा कारकून नेमला. कोणत्याही प्रोग्रॅमने आपली ओळ त्याच्या हाती द्यावी. त्याने ती वेळ घालून वहीत उतरावी. ओळ किती गंभीर, हे शून्यापासून सातापर्यंतच्या आकड्याने ठरे. शून्य म्हणजे यंत्र निकामी होण्याची वेळ, सात म्हणजे केवळ कारागिराच्या कामाची बारीक टिपणी. मौज अशी की, ही पद्धत जगभर पसरली तरी तिचे लेखी वर्णन २००१ साली निघाले आणि रीतसर प्रमाण नियम ठरला तो २००९ मध्ये.

नोंद ठेवणे मात्र सोपे, वाचणे अवघड. लाखो ओळींच्या वहीत माणसाने पाहावे तरी काय? १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन याने ग्रेप नावाची आज्ञा दिली. मागाल तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या ती वेचून काढी. टेल ही आज्ञा वहीची शेवटची पाने दाखवी. १९७८ साली बर्कलीत डॅनियल हॅल्बर्ट याने मोअर हा प्रोग्रॅम लिहिला. तो एका वेळी पडदाभर मजकूर दाखवून थांबे. वाचणारा पुढे पुढे जाई. मागे येण्याची सोय त्यात नव्हती.

आणि खरी अडचण होती ती नेमकी येथे. मार्क न्यूडेलमन हा प्रोग्रॅमर ज्या कंपनीत काम करी तेथे व्यवहारांचे प्रचंड लॉग निघत. बिघडलेला व्यवहार चटकन सापडे, कारण चुकीची ओळ स्वतःच ओरडून सांगते. पण तो बिघडला का, हे त्या ओळीत नसते. ते तिच्या आधी कुठेतरी असते. मागे जायचे तर संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सबंध फाइल उघडावी लागे, आणि ती सबंध वाचून होईतो बसून राहावे लागे. न्यूडेलमनने १९८३ ते १९८५ या काळात त्यावर उपाय लिहिला. हवे तेवढेच पान तो उचली आणि मागे-पुढे सारख्याच सहजतेने जाई. मोअरवर कोटी करून त्याने नाव ठेवले लेस. थट्टेने ठेवलेले हे नाव आज गंभीर चेहऱ्याची माणसे रोज वापरतात.

आता बॅकअपच्या यंत्राकडे वळू. प्रिन्स्टनचे प्राध्यापक काई ली आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली डेटा डोमेन ही कंपनी काढली. २००९ मध्ये ती ईएमसी कंपनीने विकत घेतली. पूर्वी प्रती चुंबकीय फितीवर जात. या यंत्रात त्या डिस्कवर जातात, आणि येणाऱ्या मजकुराचा जो तुकडा पूर्वी येऊन गेला आहे तो पुन्हा साठवला जात नाही. यंत्र पेटीबंद, व्यवस्थापकाला आत मुक्त संचार नाही. त्याच्या हाती ठरावीक आज्ञांची कमांड लाइन तेवढी असते. ‘लॉग लिस्ट’ म्हटले की वह्यांची यादी येते, ‘लॉग व्ह्यू’ म्हटले की हवी ती वही उघडते, आणि ‘लॉग वॉच’ म्हटले की नवी ओळ पडेल तशी डोळ्यांपुढे येत राहते. उघडलेल्या वहीत बाणांच्या कळांनी वर-खाली जावे. तिरपी रेघ देऊन शब्द लिहिला तर शोध पुढे चालतो, प्रश्नचिन्ह देऊन लिहिला तर मागे. क्यू दाबले की वही मिटते. या खुणा लेसच्याच. माझ्या मते त्यांतली मोलाची खूण प्रश्नचिन्हाची. दुसरी एक गोष्ट ध्यानात असावी: ठरावीक मुदतीने नवी वही सुरू होते, जुनीला क्रमांक मिळतो, आणि सर्वांत जुनी पुसली जाते. उशिरा जाणाऱ्याला कारणाची ओळ सापडेलच असे नाही.

वही कोणी उघडलीच नाही तर काय होते, याचा दाखला ३१ जानेवारी २०१७ चा आहे. तेथे असे पेटीबंद यंत्र नव्हते, पण दुखणे तेच. गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दमलेल्या अवस्थेत, एका सर्व्हरवर द्यायची पुसण्याची आज्ञा भलत्याच सर्व्हरवर दिली. चूक उमगून हात थांबेतो सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार शिल्लक होते. मग प्रतींची शोधाशोध सुरू झाली. नेमाने प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे प्रत्येक वेळी तो चूक नोंदवून थांबत होता आणि साठवणीची जागा रिकामी होती. चुकीची सूचना टपालाने धाडलीही जात होती. पण त्या टपालावर आवश्यक ती खूण नव्हती, म्हणून घेणारा सर्व्हर ते परत लोटत होता. सुमारे सहा तासांपूर्वी कोणी एकाने चाचणीच्या निमित्ताने हाताने एक प्रत काढून ठेवली होती; तिने अब्रू राखली. तरी मधल्या तासांतील सुमारे ५००० प्रकल्प, ५००० अभिप्राय आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी गेल्या.

कंपनीने काही लपवले नाही. दुरुस्तीचे काम तिने लोकांना पाहू दिले, आणि नंतर जो अहवाल काढला तो शेवटच्या ओळीपासून मागे मागे, ‘हे का झाले?’ असे विचारत लिहिला. प्रत का मिळाली नाही? प्रोग्रॅम चुकत होता म्हणून. ते कळले का नाही? सूचना पोचत नव्हती म्हणून. प्रती परत भरून पाहण्याची चाचणी का होत नव्हती? कारण ते काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नव्हते.