संपर्काचे मानसशास्त्र : आत्महत्या व दंगल-प्रतिबंधाच्या संशोधनाचा मागोवा

प्रास्ताविक

आत्महत्या ही एका व्यक्तीची एकांतातील कृती, तर दंगल ही जमावाची. त्यामुळे या दोहोंवरील संशोधन सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जाते. मात्र त्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळतात. तो शब्द म्हणजे 'संपर्क'. प्रस्तुत लेखात या दोन वाटांचा थोडक्यात मागोवा घेतला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. तेव्हा हा प्रश्न आपणा शिक्षकांच्या वर्गातलाच आहे.

गुन्ह्याकडून वेदनेकडे

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला होता. पुढे १८९७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कुटुंब, धर्मसमूह आणि समाज यांच्याशी व्यक्तीचे नाते किती घट्ट आहे, यावर आत्महत्येचे प्रमाण अवलंबून असते, असे त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले. प्रश्न प्रथमच व्यक्तीच्या दोषाकडून नात्याच्या अवस्थेकडे वळला.

मानसशास्त्राने हा धागा अर्धशतकानंतर उचलला. १९४९ मध्ये एडविन श्नाइडमन यांना लॉस एंजेलिस येथील मृत्यू-अन्वेषण कार्यालयाच्या दप्तरात मृतांनी मागे ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या. त्यांनी व नॉर्मन फार्बरो यांनी त्यांतील काही चिठ्ठ्यांची तुलना सामान्य व्यक्तींकडून मुद्दाम लिहवून घेतलेल्या चिठ्ठ्यांशी केली. १९५८ मध्ये रॉबर्ट लिटमन यांच्यासह त्यांनी त्याच शहरात आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केले. अशा व्यक्तीला मरण हवे असते आणि त्याच वेळी कोणी वाचवावे असेही वाटत असते. तिच्या मुळाशी असह्य मानसिक वेदना असते, हे श्नाइडमन यांच्या विचाराचे सार होय. ज्याच्या मनात दोन्ही इच्छा आहेत त्याच्याशी बोलता येते. प्रतिबंधाची शक्यता येथूनच सुरू होते.

पत्रांचा प्रयोग

सॅन फ्रान्सिस्को येथील मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी एक साधा प्रश्न विचारला : रुग्णालयातून घरी गेल्यावर जे उपचार नाकारतात, त्यांचे काय? दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना घराकडून येणाऱ्या एका तरुणीच्या पत्रांनी त्यांना धीर दिला होता. १९६९ नंतर त्यांनी नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या ३,००५ रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी पुढील उपचार न घेणाऱ्या ८४३ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रे गेली. त्यांत उपदेश नव्हता, कसली मागणी नव्हती. केवळ आपली आठवण आहे, आपले बरे चालले असावे, एवढाच आशय होता. दुसऱ्या गटाशी संपर्क ठेवला नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटातील आत्महत्येचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी राहिले. हे निष्कर्ष २००१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

हाच विचार पुढे आशियातही पारखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, इराणमधील कराज, चीनमधील युनचेंग व ब्राझीलमधील कांपिनास येथे आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. एका गटाला नेहमीच्या उपचारांखेरीज तासाभराचा संवाद व १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढेच अधिक दिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १८ महिन्यांच्या अखेरीस या गटात आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के, तर दुसऱ्या गटात २.२ टक्के होते. अन्यत्र झालेल्या अशा सर्वच प्रयोगांना सारखे यश आलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. संपर्क हा उपचारांना पर्याय नव्हे. उपचारांपर्यंत माणूस टिकवून धरणारा तो दुवा आहे.

मोहल्ल्यातील संपर्क

दुसरी वाट पूर्वग्रहाच्या अभ्यासाची. १९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडले की, दोन समूह नुसते एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान असावा, उद्दिष्ट समान असावे, काम सहकार्याचे असावे आणि त्याला अधिकारी संस्थांचा पाठिंबा असावा. या चार अटींवरचा संपर्क फळतो. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू व लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्यास अधिक कमी होतो, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्रात याचे बोलके उदाहरण म्हणजे भिवंडी. यंत्रमागांच्या या गावाने १९७० व १९८४ च्या दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी शांततेच्या काळातच मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. लहानसहान तंटे तेथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ मधील आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली आहे. हैदराबाद-लखनौसारख्या शहरांच्या जोड्या अभ्यासून ते म्हणतात की, शेजारधर्म उपयोगी असतोच. परंतु मोठ्या तणावाच्या वेळी व्यापारी संघ, वाचनालये, कामगार संघटना अशा संघटित संबंधांचा बांध अधिक टिकतो.

समारोप

दोन्ही वाटांवरील अनुभवांत एक साम्य आहे. संकट कोसळल्यावर घाईने जोडलेला संपर्क अपुरा पडतो. तो ठरलेल्या वेळी व्हावा लागतो, कोणा एकाची ती जबाबदारी असावी लागते, आणि समोरच्याला खाली पाहावे लागेल असा तो नसावा.

कायदाही हळूहळू याच दिशेने सरकला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले व तिच्या पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र गुन्हा राहिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशनही उपलब्ध आहे.

थेट विचारल्याने विद्यार्थ्याच्या मनात नको तो विचार पेरला जाईल, ही भीती आपल्याकडे सार्वत्रिक आहे. मॅडेलिन गुल्ड व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या भीतीला आधार मिळाला नाही. हजेरीपटावर सलग गैरहजेरीच्या खुणा दिसू लागल्या की विद्यार्थ्याला नोटीस धाडण्याची आपली रीत आहे. तिच्याआधी एका शिक्षकाने फोन करून ख्यालीखुशाली विचारावी, गरज दिसल्यास त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचवावे आणि महिन्याभराने पुन्हा विचारावे. मोटो यांच्या २४ पत्रांना याहून अधिक खर्च आला नव्हता.