समुद्रगाय आणि कुरण
इ. स. १७४१ मध्ये बेरिंगच्या सफरीतील स्टेलर ह्या शास्त्रज्ञाने उत्तर पॅसिफिकात एक प्रचंड, निरुपद्रवी समुद्रगाय पाहिली. १७६८ च्या सुमारास शिकाऱ्यांनी ती जात नामशेष केली. तिची भगिनी डुगाँग कच्छच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात व अंदमानाभोवती अद्याप जीव धरून आहे. १९७२ च्या कायद्याने तिला संरक्षण दिले. परंतु समुद्रतळीचे गवतच नष्ट झाल्यास कायदा तिला काय चारणार? म्हणूनच २०२२ मध्ये तमिळनाडूने पाल्कमध्ये ४४८ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र राखून ठेविले. आम्हां कोल्हापूरकरांस हे तत्त्व नवे नाही. संस्थानी शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. रान राहिले, म्हणून गवा राहिला. कुरण राखल्यावाचून गाय राखिली असे म्हणता येत नाही.