हशाआधी रोखलेला श्वास

1990 सालचा फेब्रुवारी. शिकागोजवळच्या विनेटका गावात तुम्ही गारठलेले हात खिशात घालून उभे आहात. समोर ‘होम अलोन’ चित्रपटातलं विटांचं घर आहे, चित्रीकरण सुरू आहे. पण युनिटची माणसं तुम्हाला बंद पडलेल्या एका हायस्कूलकडे घेऊन जातात.

व्यायामशाळेचं दार ढकलता, तर आत त्याच घराच्या खोल्या उभ्या! शेजाऱ्याचं पाण्यानं भरलेलं तळघर कुठंय म्हणून विचारता, तर ते शाळेच्याच पोहण्याच्या तलावात बांधलेलं. खर्च वाढतोय म्हणून वॉर्नर ब्रदर्सनं या चित्रपटातून अंग काढून घेतलं, फॉक्सनं तो उचलला. नाहीतर आज इथे बघायला काहीच नसतं.

घरात एकट्या राहिलेल्या केव्हिनची भूमिका करणारा नऊ वर्षांचा मकॉली कल्किन सेटवर येतो. घरात शिरणाऱ्या दोन चोरांपैकी एक झालेले जो पेशी त्याच्यापासून मुद्दाम लांबच राहतात. पोराला आपला खराखुरा वचक वाटायला हवा ना! तोंडावर येणाऱ्या शिवीच्या जागी मात्र त्यांना ‘फ्रिज’ म्हणायला सांगितलंय.

आता जिन्याकडे बघा. चोरांच्या वेशात ट्रॉय ब्राउन आणि लिऑन डिलेनी हे स्टंटमन तयार आहेत. संगणकाची करामत नाही. पडायचं ते खरंच, पाठीवर, दणकन. तुम्ही हसायच्या बेतात असता, तेवढ्यात दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांचा चेहरा दिसतो. ते मनात प्रार्थना करताहेत. माणूस जिवंत आहे, धड आहे, हे कळल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढे थिएटरात जग ज्यावर खदाखदा हसणार आहे, तो क्षण इथे कुणालाही विनोदी वाटत नाही. काचेच्या शोभेच्या गोळ्यांवर अनवाणी चालणाऱ्या दुसऱ्या चोराच्या, म्हणजे डॅनियल स्टर्नच्या पायांकडेही नीट बघा: ते रबरी आहेत. त्याच्या चेहऱ्यावर सोडलेला कोळी मात्र अस्सल!

एका कोपऱ्यात केव्हिनच्या भावाच्या मैत्रिणीचा फोटो पडलाय. पडद्यावर त्या फोटोची थट्टा होणार आहे. खऱ्या मुलीच्या रूपाला असं हसणं कोलंबस यांना क्रूर वाटलं, म्हणून एका मुलालाच मुलीचा वेश देऊन तो काढलाय. पडद्यावर जेमतेम क्षणभर दिसणाऱ्या फोटोसाठी केलेला हा विचार मला त्या सगळ्या स्टंटइतकाच मोलाचा वाटतो.