२८ नोव्हेंबर २०१४ : नामिबियात बंगळुरूच्या यंत्रांवर मतदान

पीण्या औद्योगिक क्षेत्राला खेटून असलेल्या जालहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. तिथे तयार झालेल्या मतदान यंत्रांवर २८ नोव्हेंबर २०१४ रोजी नामिबियाने अध्यक्ष आणि संसद निवडली. आफ्रिकेतील ही पहिलीच यंत्राधारित राष्ट्रीय निवडणूक होती. अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरची कळ दाबायची, मग मतदाराने आपल्या उमेदवारापुढचे बटण दाबायचे, लांब ‘बीप’ वाजला की मत नोंदले गेले. आपल्याकडे गावोगाव ओळखीचा असलेला हा आवाज राजधानी विंडहूकच्या केंद्रांवरही ऐकू आला. आफ्रिकी संघाचे निरीक्षक तिथे हजर होते.

नामिबियातील मतदानाशी भारताचा संबंध त्याआधीही आला होता. या देशाची पहिली मुक्त निवडणूक नोव्हेंबर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘अनटॅग’ मोहिमेच्या देखरेखीखाली झाली होती. मोहिमेचे प्रमुख फिनलंडचे मार्टी अहतीसारी, तर सेनाप्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीखालची जनता पाच दिवस रांगा लावून मतदान करत होती. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. प्रेमचंदांचे हे काम आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

२०१४ च्या यंत्रांना मात्र कागदी पावतीची जोड नव्हती. भारतात ती सप्टेंबर २०१३ मध्येच नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत वापरली गेली होती. त्यामुळे पावती नसण्यावरचा नामिबियातील विरोधकांचा आक्षेप रास्तच होता. फेब्रुवारी २०२० मध्ये नामिबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पावतीविना यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या स्थानिक निवडणुकांत मतपत्रिका परतल्या.